मसल कार घ्यायचीय? आधी तिची अक्षरं वाचायला शिका

मसल कार म्हणजे १९६०-७० च्या दशकांतली, साध्या अमेरिकन गाडीत मोठं, ताकदवान इंजिन घातलेली गाडी. माझ्या पहिल्या मसल कारची खरी ओळख मला ती घेतल्यानंतर सात महिन्यांनी पटली. पेट्रोलची टाकी गळत होती म्हणून खाली उतरवली, तर टाकीच्या माथ्यावर पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला कागद चिकटलेला होता. ती कारखान्यातली बिल्ड शीट होती. गाडी असेंब्ली लाइनवरून पुढे सरकत असताना तिला कुठला भाग लावायचा, हे कामगारांना सांगणारा तक्ता म्हणजे बिल्ड शीट. मी पैसे मोजले होते १९६९ च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ चे, म्हणजे ३९६ क्युबिक इंचांच्या मोठ्या इंजिनाच्या गाडीचे. कागद सांगत होता की ही मालिबू, म्हणजे शेव्हेलचंच साधं रूप, इंजिन ३०७ क्युबिक इंचांचं, गिअरबॉक्स दोन गिअरांचा पॉवरग्लाइड. पुढच्या बिल्ल्यापासून बॉनेटवरच्या फुगवट्यापर्यंत सगळं नंतर कुणीतरी चढवलेलं होतं.

मी कोल्हापूरची. बाबांचं उद्यमनगरात ऑइल इंजिनांचं वर्कशॉप होतं. ओतकामावरचे आकडे बोट फिरवून वाचायला मी शाळेत असतानाच शिकले होते. तरीही फसले, कारण त्या दिवशी मी गाडी डोळ्यांनी पाहिली, कानांनी ऐकली, पण वाचली नाही. ती शेव्हेल पुढे मी खरं काय ते सांगून विकली. आता मिशिगनमधल्या नोव्ही गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ उभी आहे, आणि तिचा प्रत्येक कागद माझ्याकडे आहे. मधल्या चार वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. माझं राज्य मिशिगन, त्यामुळे नियम तिथले सांगते. तुमच्या राज्याचे वेगळे असतील तर ते आधी पाहा.

आधी दोन शब्द: दुर्मिळ म्हणजे काय

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिॲकमध्ये जॉन डिलोरिअन यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन मध्यम आकाराच्या टेंपेस्ट लेमान्समध्ये बसवलं. नवं मॉडेल म्हटलं असतं तर वरून परवानगी लागली असती. म्हणून त्यांनी ते सुमारे २९५ डॉलरचा एक पर्याय म्हणून ऑर्डर फॉर्मवर टाकलं. तीच १९६४ ची जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या आणि बाकीच्या कंपन्या त्या वाटेने धावल्या.

हे सांगण्याचं कारण आहे. मसल कार जन्मली ती फॉर्मवरच्या एका खुणेतून. तेच दार, तेच छत, तोच पत्रा. किराणा आणायची गाडी आणि पाव मैलाच्या शर्यतीची गाडी यांच्यात फरक त्या एका खुणेचा. म्हणून तिचं मोलही त्या खुणेत असतं, आणि खोटेपणाही तिथेच शिरतो.

ज्या गाड्यांची नावं लोक दबक्या आवाजात घेतात, त्या बहुतेक तेव्हा न खपलेल्या. १९६९ ची झेडएल१ कमॅरो घ्या. शर्यतीसाठी बनवलेलं ४२७ क्युबिक इंचांचं संपूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन, आणि त्या इंजिनाचीच किंमत ४,००० डॉलरच्या वर. अशा फक्त ६९ गाड्या बनल्या, आणि त्याही डीलरांच्या गळ्यात पडल्या. १९७० ची ब्यूक जीएसएक्स, फक्त ६७८ बनल्या. डॉज चार्जर डेटोना बनल्या ५०३, कारण नॅसकारच्या शर्यतीत उतरायला तेव्हा किमान ५०० रस्त्यावरच्या गाड्या बनवणं भाग होतं. १९७१ ची हेमी या क्रायस्लरच्या ताकदवान इंजिनाची प्लिमथ 'कुडा कन्व्हर्टिबल अवघ्या ११. विम्याचे हप्ते तोवर तरुण ग्राहकांच्या आवाक्याबाहेर गेले होते. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलंसुरलं संपवलं. दहा वर्षांत सगळा खेळ आटोपला.

तुम्ही-मी यांतली कुठलीही घेणार नाही, आणि पहिली गाडी म्हणून घेऊही नये. पण या आकड्यांच्या जवळ जाणारी प्रत्येक गाडी बनावट करण्याचा मोह कुणाला तरी झालेला असतो, एवढं डोक्यात असू द्या.

१. कंपनी निवडा, पण कागदांचा हिशेब करून

प्रत्येकाचं मन कुठल्यातरी एका आकारावर बसलेलं असतं. ते असू द्या. पण पहिल्या गाडीसाठी एक प्रश्न आधी विचारा: या कंपनीच्या गाडीची खरी कुंडली आज मिळते का?

पॉन्टिॲकची मिळते. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस, म्हणजे पीएचएस, १९६१ पासूनच्या गाड्यांच्या मूळ बिलाची नक्कल देते. गाडीचा नंबर आणि शुल्क पाठवायचं. फोर्डसाठी मार्टी नावाच्या कंपनीचा मार्टी रिपोर्ट असतो. १९६७ पासूनच्या गाड्यांची फोर्डची उत्पादन-नोंद त्या कंपनीकडे आहे, आणि त्यात रंगापासून डीलरपर्यंत सगळं येतं. क्रायस्लरच्या, म्हणजे डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत कुठलं इंजिन होतं ते गाडीच्या नंबरातच लिहिलेलं असतं. शिवाय बॉनेटखाली डाव्या आतल्या फेंडरवर कोडांची छोटी पत्र्याची पट्टी असते, तिला फेंडर टॅग म्हणतात.

सगळ्यात अवघड शेव्हरोले. अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या शेव्हरोलेची गाडीनिहाय नोंद मागवायची सोय नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची मात्र जनरल मोटर्स कॅनडाकडून मिळते. म्हणजे अमेरिकेतल्या शेव्हेल किंवा कमॅरोचा पुरावा हा गाडीबरोबर टिकलेल्या कागदावर आणि लोखंडावरच्या शिक्क्यांवर अवलंबून. मी नेमकी तिथूनच सुरुवात केली होती. माझा सल्ला: पहिली गाडी पॉन्टिॲक किंवा फोर्ड घ्या.

२. एक अख्खा उन्हाळा फक्त बघण्यात घालवा

डेट्रॉइटच्या आसपास असाल तर वुडवर्ड ॲव्हेन्यूसारखी शाळा नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिॲक गावापर्यंत ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. पण शनिवारी जाऊ नका, म्हणजे बघायला जा, शिकायला नको. गर्दीत गाडीपर्यंत हात पोचत नाही. त्या आठवड्यातल्या मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी जा. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली मंडळी गप्पांना मोकळी असतात. इतरत्र असाल तर पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला फोर्ड, क्रायस्लर, जनरल मोटर्स यांचे वेगवेगळे मेळावे भरतात. शिकागोजवळ रोझमाँटला नोव्हेंबरमध्ये मसल कार आणि कॉर्व्हेटचं प्रदर्शन असतं, तिथे कारखान्यातून निघाली तशी गाडी कशी दिसते ते नीट कळतं.

पहिल्या वर्षी लोक माझ्याऐवजी नवऱ्याशी बोलायचे. मग मी एक प्रश्न ठरवून ठेवला: "याचा स्टॅम्प पॅड दाखवाल का?" स्टॅम्प पॅड म्हणजे इंजिनावर आकडे ठोकलेली जागा. तो प्रश्न विचारला की बॉनेट उघडायचं, टॉर्च निघायचा आणि पुढचा अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. ही माणसं मनापासून शिकवतात. कुणी तर मला आपल्या गाडीखाली झोपायला पुठ्ठा अंथरून दिला.

या गप्पांत येणारे शब्द आधीच समजून ठेवा. नंबर्स मॅचिंग म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स वगैरे त्याच गाडीबरोबर कारखान्यातून निघालेले. क्लोन किंवा ट्रिब्यूट म्हणजे साध्या गाडीला दुर्मिळ गाडीचं रूप दिलेली. सांगून विकली तर त्यात काही गैर नाही. रेस्टोमॉड म्हणजे जुनं अंग आणि आत नवी यंत्रं. सर्व्हायव्हर म्हणजे फारशी हात न लावलेली, मूळ रंगातली. शेवटच्या प्रकाराबद्दल माझं मन हळवं आहे. साठ वर्षांचा फिकट रंग मला नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त खरा वाटतो, आणि तपासायलाही सोपा जातो.

३. पैसे दोन वाट्यांत ठेवा

एक वाटा गाडीचा. दुसरा, किमान पाचवा हिस्सा, पहिल्या वर्षीच्या कामांचा, आणि त्याला गाडी घेताना हात लावायचा नाही. ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या, रेडिएटर यांत तो जातोच.

"मोडकी घेऊ, हळूहळू करू" हा विचार मनातून काढा. पत्र्याचं काम आणि क्रोमचा मुलामा यांची मजुरी आज इतकी आहे की मोडक्या गाडीवर केलेला खर्च तयार गाडीच्या किमतीच्या पुढे सहज जातो. स्वतः वेल्डिंग येत असेल तर गोष्ट वेगळी.

४. गाडीचा नंबर वाचा

इथे सावकाश वाचा, कारण सगळं यावर उभं आहे. १९८१ च्या आधी आजच्यासारखा १७ अक्षरांचा एकसारखा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, नव्हता. प्रत्येक कंपनीची आपली पद्धत. १९६८ पासूनच्या गाड्यांत नंबराची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेतून दिसते. त्याआधीच्या गाड्यांत जागा वेगवेगळ्या.

फोर्ड: ९एफ०२आर असा नंबर सुरू होत असेल तर ९ म्हणजे १९६९, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०२ म्हणजे फास्टबॅक मस्टँग, आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. आर म्हणजे ४२८ कोब्रा जेट, तेही रॅम एअरवालं, म्हणजे बॉनेटमधून बाहेरची हवा थेट आत घेणारं. तिथे झेड असेल तर बॉस ४२९, जी असेल तर बॉस ३०२, आणि एच असेल तर साधं दोन बॅरल कार्ब्युरेटरचं ३५१. एका अक्षरात गाडीची किंमत कितीतरी पटींनी बदलते.

प्लिमथ: बीएस२३आर०बी. बी बॅराकुडा, एस 'कुडा, २३ हार्डटॉप, आर म्हणजे ४२६ हेमी, ० म्हणजे १९७०, शेवटचा बी हॅमट्रॅमिकचा कारखाना. त्या आरच्या जागी व्ही असेल तर ४४० सिक्स बॅरल.

पॉन्टिॲक: १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. माझ्या गाडीचा २४२३७८पी, म्हणजे जीटीओ, हार्डटॉप, १९६८, पॉन्टिॲक गावचा कारखाना. पण १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हा लेमान्सवरचा नुसता पर्याय होता, त्यामुळे नंबर लेमान्सचाच असतो. त्या दोन वर्षांच्या गाडीला पीएचएसच्या कागदाशिवाय हात लावू नका.

शेव्हेल: १९६६ ते १९६८ च्या एसएस ३९६ चा नंबर १३८ ने सुरू होतो. १९६९ मध्ये एसएस हा पर्याय झाला आणि नंबर सहसा मालिबूचाच, १३६. विक्रेता मला म्हणाला होता, "सगळ्या एकोणसत्तरच्या एसएसचा नंबर असाच असतो." ते जवळपास खरंच होतं! पण सगळ्या साध्या व्ही-८ मालिबूंचाही असाच असतो, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अर्धं खरं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य.

पट्टीकडेही बघा. काचेतून दिसणाऱ्या पट्टीचे रिव्हेट जनरल मोटर्सच्या गाड्यांत फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे असतात. साधे पॉप रिव्हेट, खरवडलेला रंग, वाकडी पट्टी दिसली तर मागे फिरा. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावणं हा इथे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि तशी गाडी जप्त झाली तर नुकसान तुमचं.

५. लोखंडावरचे आकडे

व्हीआयएन सांगतो गाडी काय म्हणून जन्मली. आज तिच्यात काय बसलंय ते इंजिनावरचे आकडे सांगतात. हे दोन प्रकारचे असतात आणि नवखे लोक त्यांची गल्लत करतात.

पहिले ओतीव आकडे, ओतकामाच्या साच्यातूनच उठून आलेले. त्यात ब्लॉकचा नंबर आणि ओतल्याची तारीख असते. शेव्हरोलेवर ती सी १४ ९ अशी दिसते: सी तिसरं अक्षर म्हणून मार्च, १४ तारीख, ९ म्हणजे १९६९. फोर्ड तेच उलट लिहितो, आधी वर्ष: ९सी१४. साधा हिशेब करा. इंजिन गाडीच्या आधी ओतलं जायला हवं, काही आठवडे किंवा फार तर काही महिने. गाडी फेब्रुवारीत बनली आणि ब्लॉक मार्चमध्ये ओतला, असं होऊ शकत नाही. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही.

दुसरे ठोकलेले आकडे, यंत्राने गुळगुळीत केलेल्या जागेवर पंचाने उमटवलेले. ती जागा म्हणजे स्टॅम्प पॅड. शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये तो उजव्या बाजूच्या हेडच्या पुढच्या टोकापाशी असतो. तिथे इंजिनाचा कोड, आणि १९६८ पासून गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडेही. हे आकडे व्हीआयएनशी जुळले तर नंबर्स मॅचिंग.

आणि इथेच मोठा सापळा. जुने आकडे घासून नवे ठोकता येतात. कारखान्यातल्या यंत्राने त्या पॅडवर बारीक समांतर रेघा सोडलेल्या असतात. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, रेघा गोल-गोल असतील किंवा आकड्यांची खोली कमी-जास्त असेल, तर शंका घ्या. पॅड स्वच्छ करायला फडका आणि थोडं मिनरल स्पिरिट पुरे. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीही लावू नका. ज्या रेघा बघायच्या त्याच घासल्या जातील.

पॉन्टिॲकबद्दल एक खास गोष्ट. ३५०, ४०० आणि ४५५ ही तिन्ही इंजिनं बाहेरून एकसारखी दिसतात. झाकणावरचा स्टिकर म्हणजे पुरावा नव्हे. ब्लॉकच्या पुढे उजवीकडे दोन अक्षरी कोड असतो, तो वाचल्याशिवाय काही मानू नका.

मागचा डिफरन्शिअलही मोजा. शेव्हेल ३९६ ला १२ बोल्टांचा मागचा ॲक्सल येई. माझ्या "एसएस"ला १० बोल्ट होते. खाली वाकून बोटांनी मोजायला दहा सेकंद लागतात, ते दहा सेकंद मी दिले नाहीत.

६. हे कागद मागा

जमीन घेताना आपण सातबारा बघितल्याशिवाय विसार देत नाही. इथेही तेच.

- टायटल, म्हणजे मालकीचा कागद. त्यावरचा नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा.
- बिल्ड शीट. सीटच्या स्प्रिंगमध्ये, गालिच्याखाली, टाकीच्या माथ्यावर सापडते.
- विंडो स्टिकर किंवा डीलरचं मूळ बिल.
- पीएचएस किंवा मार्टी रिपोर्ट. विक्रेत्याने दाखवलेल्या नकलेवर थांबू नका, स्वतः मागवा.
- शेव्हरोले असेल तर प्रोटेक्ट-ओ-प्लेट: वॉरंटीच्या पुस्तिकेला जोडलेली धातूची छोटी पट्टी, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांचे कोड उलटे उमटलेले असतात.
- दुरुस्तीची बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो. रंग लावण्याआधीचा उघडा पत्रा दाखवणारे फोटो हजार शब्दांच्या जाहिरातीपेक्षा मोलाचे.

बिल्ड शीट आणि स्टिकर यांच्या नव्या नकला छापून मिळतात, हेही लक्षात असू द्या. कागद जुना असेल तर त्याच्या घड्या, डाग, गंजाच्या खुणा जिथून काढला म्हणतात त्या जागेशी जुळायला हव्यात.

७. पत्रा: इथे दोन तास द्या

मिशिगन, ओहायो, इलिनॉय या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पत्र्याला वाळवीसारखं खातं. इंजिन बदलता येतं, पण कुजलेली बॉडी म्हणजे खिशाला भोक. म्हणून ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातली, रंग उडालेली पण धड गाडी मी कधीही पसंत करेन.

न्यायचं सामान: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, हातातला छोटा आरसा, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, जुने कपडे, पुठ्ठा, वही. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो, तोही न्या.

बघायचं कुठे? मागच्या चाकांच्या कमानी आणि त्यांच्या मागचा खालचा भाग, डिकीचा तळ, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या काचेच्या खालची कड. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे खाली बॉन्डो, म्हणजे पुटी. छताला व्हिनाइलचं आवरण असेल तर त्याखाली पाणी मुरलेलं असतं. बोटाने दाबत जा, फुगे किंवा कुरकुर जाणवली की समजा. मस्टँगचं दुखणं म्हणजे काऊल, पुढच्या काचेखालची हवेची पेटी. तिथे बाहेरून बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाकडे बघा. गालिचा ओला झाला तर दुरुस्ती मोठी आहे.

गाडीच्या सांगाड्यावरही बरंच ठरतं. शेव्हेल, जीटीओ यांच्याखाली वेगळी चासी असते. मस्टँग आणि क्रायस्लरच्या गाड्यांत बॉडी हीच चासी, त्यामुळे तिथले मागचे रेल आणि स्प्रिंग जिथे टेकतात त्या जागा कुजल्या असतील तर गाडी चालवायलाच धोकादायक. मी एक सुंदर हिरवी जीटीओ फक्त मागच्या ॲक्सलच्या वरची चासी पातळ झाली होती म्हणून सोडली. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर घण्ण आवाज यायला हवा. तिथे भद् असा आला.

खालून नुकताच जाड काळा थर फवारलेला असेल तर विचारा, का?

८. चालवून बघा

जाण्याआधी विक्रेत्याला सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. पोचल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ हात न्या, कोमट लागला तर थांबा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पाचेक मिनिटांनी तेलाचा दाब आणि तापमान बघा.

आजच्या गाडीसारखी ती थांबणार नाही, वळणार नाही. ड्रम ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. १९६७ च्या आधीच्या गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर सहसा एकाच कप्प्याचा असतो, म्हणजे एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले. तो दोन कप्प्यांचा करून घेणं हे मूळपणाशी तडजोड आहे, आणि मी ती बिनदिक्कत करायला सांगते.

टायरचं वय बघा. बाजूवरच्या कोडाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी दहा वर्षांपूर्वीचं रबर वेगात फुटू शकतं.

आणि हो, या सगळ्यात एक मिनिट फक्त ऐका. मोठ्या कॅमशाफ्टचं इंजिन उभं असताना एकसंध घुमत नाही, अडखळत-अडखळत धडधडतं आणि तो ठोका सीटमधून पाठीत येतो. पायडल दाबलं की कार्ब्युरेटरचे मागचे दोन बॅरल उघडतात आणि पुढची सगळी हवा ओढली जातेय असं वाटतं. आपण याचसाठी आलेलो असतो. पण ते मिनिट संपलं की वही पुन्हा हातात घ्या.

९. व्यवहार

टायटलवर विक्रेत्याचंच नाव आहे का ते त्याच्या ओळखपत्राशी ताडून बघा. "मूळ मालकाने सही करून दिलंय, मधलं नाव भरलेलं नाही" असं म्हणत कोरं टायटल पुढे केलं तर व्यवहार सोडा. टायटलवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचा फेडल्याचा कागद आधी. रक्कम कमी लिहू म्हणजे कर वाचेल, असं सुचवणारे भेटतील, ऐकू नका. मिशिगनमध्ये विक्रीकर सहा टक्के आहे आणि टायटल १५ दिवसांत आपल्या नावावर करावं लागतं.

बिल ऑफ सेलवर विक्रेत्याचा दावा शब्दांत लिहून घ्या: "मूळ ४०० इंजिन, नंबर्स मॅचिंग." तोंडी खात्रीने सांगणारा माणूस लिहायची वेळ आली की कचरतो का, तेवढंच बघा. गाडी दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या जाणकाराला पैसे देऊन तपासून घ्या. फोटोंवरून विसार पाठवू नका.

१०. विमा आणि नंबर प्लेट

रोजच्या गाडीच्या विम्यात ही गाडी घालू नका. अपघात झाला तर घसारा वजा करून हातावर काहीतरी ठेवतील. जुन्या गाड्यांचा वेगळा विमा असतो, त्यात शब्द बघायचा "ॲग्रीड व्हॅल्यू": दोघांनी आधी ठरवलेली रक्कम पूर्ण मिळते. "स्टेटेड व्हॅल्यू" हा शब्द सारखा वाटतो, पण त्यात कंपनीला कमी द्यायची मुभा राहते. या विम्याला सहसा बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी असणं लागतं.

मिशिगनमध्ये २६ वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. तिच्यावर गाडी मेळाव्यांना, मिरवणुकांना, प्रदर्शनांना नेता येते. रोज कामावर नेता येत नाही. फक्त ऑगस्टमध्ये कुठेही, केव्हाही फिरवायची सूट आहे. आमच्या घरी त्या महिन्यात दूध आणायलासुद्धा जीटीओ जाते.

११. घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि गळती थेट गरम इंजिनावर होते. तेल घेताना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमसाठीचं घ्या. नव्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं आणि कॅम झिजतो. उच्च कॉम्प्रेशनच्या इंजिनाला पंपावरचं सर्वांत वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल द्या. तरीही चढावर खडखड आली तर इग्निशनचा टायमिंग जाणकाराकडून थोडा मागे घ्या. डिकीत अग्निशामक ठेवा.

दसऱ्याला आम्ही तिला झेंडूचा हार घालतो, आणि त्यानंतर महिन्याभरात ती हिवाळ्यासाठी आत जाते: टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर, बॅटरीला मेंटेनर, टायरमध्ये थोडी जास्त हवा, एक्झॉस्टच्या तोंडात स्टीलचा काथ्या, उंदीर शिरू नयेत म्हणून.

याच हिवाळ्यात कधी तुम्ही सीट काढाल, गालिचा उचलाल किंवा टाकी उतरवाल. तिथे कागद दिसला तर ओढू नका. आधी आहे त्या जागी फोटो घ्या, आजूबाजूच्या स्प्रिंगसकट. कागद ओला असेल तर सीटसकट तसाच वाळू द्या, मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीने एका कडेने हळूहळू सोडवा आणि आम्लविरहित पाकिटात सपाट ठेवा. लॅमिनेट करू नका. पुढच्या मालकाला तो दोन्ही बाजूंनी बघता आला पाहिजे.